काळ्या टाफेट्याच्या चिरा: एका रेशमी क्विल्टचं प्रकरण

"तुमची क्विल्ट फाटतेय," आमच्याकडून ती करून घेतलेल्या बाई फोनवर एवढंच म्हणाल्या. फोन मी घेतला होता. ताई समोरच्या टेबलाशी कच्चे टाके उसवत बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी कात्री खाली ठेवली.

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी. ही भिंतीवर लागून १९ महिने झाले होते. या काळात ती कुणी काढली नव्हती, धुतली नव्हती, कशात अडकून ओढलीही गेली नव्हती. नुसतं टांगून ठेवलेलं कापड फाटतं कसं, हा या प्रकरणाचा प्रश्न. उत्तर मिळायला आम्हाला चार महिने लागले, आणि त्यातला मोठा भाग शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा रंगाऱ्याच्या हौदात निघाला.

ताईंचं नाव इथं देत नाही, त्या बाईंचंही नाही. ताई क्विल्ट्स करतात, त्यांच्या स्टुडिओत मी नऊ वर्षं मदतनीस आहे आणि कामाच्या वह्या माझ्याच हातच्या आहेत. कुठलं कापड, कुठली सुई, इस्त्री कितीवर, सगळं त्यात असतं. या वह्यांवरून ताई माझी थट्टा करायच्या. या प्रकरणानंतर करत नाहीत.

ताई आणि रेशीम

ताईंचं सगळं शिक्षण शिवणाच्या मशीनवर झालं. लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या १४ वर्षं होत्या. बेतणाऱ्याच्या टेबलाखाली संध्याकाळपर्यंत रेशमाच्या चिंध्यांचा ढीग साचायचा, आणि झाडू फिरायच्या आत ताई त्यातले तळहाताएवढे तुकडे पिशवीत भरायच्या. त्यातून पहिली क्विल्ट झाली ती पांघरायला. पण रेशमावर रेशीम ठरत नाही. मध्यरात्री ती पलंगावरून सरसर खाली. आठवडाभर उचलून उचलून वैतागल्यावर त्यांनी ती खिळे ठोकून भिंतीवर लावली. "माझी कला पलंगावरून घसरून पडलेली आहे," असं त्या पाहुण्यांना सांगतात.

भिंतीवर क्विल्ट लावण्यात त्या पहिल्या नव्हत्या, हे त्यांना पुष्कळ नंतर कळलं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या जुन्या क्विल्ट्स अमूर्त चित्रांसारख्या भिंतींवर मांडल्या होत्या. १९७९ मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी, गाईगुरांच्या एका जुन्या गोठ्यात, 'क्विल्ट नॅशनल' हे फक्त नव्या कलात्मक क्विल्ट्सचं प्रदर्शन सुरू झालं. मग पुढं चित्रकारासारखं स्वतःच्या मनानं क्विल्ट करणाऱ्यांची संख्या वाढत गेली. मात्र या वाटचालीत कापडाचं काय झालं, याकडे फारसं कुणी बघत नाही. जी वस्तू रात्री अंधारात वापरायची आणि दिवसा घडी घालून ठेवायची, तिला आता बारा महिने उजेड खात उभं राहावं लागतं. सुती कापड हे बरंच सोसतं. रेशीम सोसत नाही.

तरी ताई रेशीमच वापरतात, आणि का वापरतात ते मला कामावरच्या पहिल्या दिवशी कळलं. त्यांनी टेबलावर चार चौकोन ठेवले. एक निळा, एक तांबूस, एक मोरपिशी, एक जवळजवळ जांभळा. मी म्हटलं, चार कापडं छान जुळलीत. ताईंनी एक चौकोन उचलून काटकोनात फिरवला आणि निळ्याचा तांबूस झाला. चारही तुकडे एकाच धूपछाव रेशमाचे होते. ताणा (विणीतले उभे दोरे) निळा, बाणा (आडवे दोरे) केशरी. तुकडा उभा ठेवला की एक रंग पुढं येतो, आडवा ठेवला की दुसरा, तिरका ठेवला की तिसराच. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्यामुळे उजेड त्यातून काचेच्या लोलकासारखा फिरून येतो. सुताच्या चपट्या, पीळ पडलेल्या तंतूला हे जमत नाही. ताई रंग विकत घेत नाहीत, दिशा कापतात. त्यांच्या वहीत प्रत्येक तुकड्यापुढे एक बाण असतो, ताणा कुठल्या दिशेला गेलाय ते दाखवणारा. हे बाण पुढं आमच्या कामी आले.

रेशीम शिवायला मात्र कजाग. कडेच्या दशा श्वास लागला तरी सुटतात, म्हणून माया, म्हणजे शिवणीबाहेरची कड, जरा जास्त ठेवावी लागते. टाचणी एकदा टोचली की टाफेट्यावर, म्हणजे कडक, करकरणाऱ्या रेशमी कापडावर, भोक कायमचं राहतं. हाबुताईसारखं पातळ कापड ८ मॉमीचं असलं तर चौरस मीटरला जेमतेम ३५ ग्रॅम भरतं (मॉमी हे रेशमाच्या वजनाचं माप, १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम). ते मशीनच्या दातांत ओढलं जातं. ताई प्रत्येक रेशमाला मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) चिकटवतात, ६० नंबरची सुई लावतात आणि प्रत्येक कामाला नवी.

पेटी

त्या बाईंनी आणलेल्या पेटीत त्यांच्या पणजीचे कपडे होते. बरेचसे कसरीनं खाल्लेले. एक पोशाख मात्र पाहताक्षणी लाखमोलाचा वाटावा असा, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. काळा टाफेटा, खाली मोठा घेर. हातात घेतल्यावर जडपणा जाणवायचा. ताईंनी त्याचा घोळ कानाजवळ नेऊन चुरगाळला, करकर आवाज आला. "बोलतंय बघ," त्या म्हणाल्या. मी वहीत लिहिलं: *भारी, दमदार कापड*. ते पान आजही वाचवत नाही.

मागणी साधी होती. पणजीचे कपडे पेटीत कुजत आहेत, त्यांची भिंतीवर लावायची एक मोठी क्विल्ट करा. ताईंनी रात्रीचं पाणी हा विषय घेतला. १६८ बाय २१४ सेंटिमीटर, तीन काळे आणि सात निळे. काळ्यांपैकी एक आम्ही स्वतः रंगवलेलं हाबुताई, दुसरं नवी साटीनची पट्टी, तिसरा पणजीचा टाफेटा. टाफेट्याचे २१२ तुकडे. त्याच्या विणीत बारीक आडवी धार असते, त्यामुळे काळासुद्धा उभा आणि आडवा वेगळा दिसतो. एक ओला काळा, एक कोरडा. लांबून बघितलं की पाणी हलतंय असं वाटायचं.

बेतायला घेण्याआधी मी विचारलं होतं, "ताई, एक दोरा जाळून बघायचा का?" जुनं कापड आलं की आम्ही बघतोच. ताईंनी पोशाखाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, कुणाची तरी पणजी आहे ती. जाळतेस काय?" आम्ही हसलो आणि मी कात्री पुढं केली. या प्रकरणात नेमकं कुठं चुकलं असं कुणी विचारलं, तर मी याच क्षणावर बोट ठेवीन. दोघींचंही चुकलं.

कारण ताईंना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या शताब्दी प्रदर्शनात जपानी वस्तू पाहून अमेरिकेत वेड्यावाकड्या तुकड्यांच्या 'क्रेझी क्विल्ट'ची लाट आली. १८८० च्या दशकात घरोघरी बायका रेशमाचे, मखमलीचे कपटे जोडून त्यावर भरतकाम करत होत्या. ताईंनी संग्रहालयात अशी एक पाहिली होती. शेजारचा लोकरीचा तुकडा धडधाकट आणि रेशमाच्या जागी नुसते तंतू. वर भरलेलं फूल मात्र पूर्ण शाबूत, खाली कापडच नाही. हे त्यांनी मला तीन-चार वेळा सांगितलेलं आहे. माहिती असते, पण ती नेमकी कापड हातात असताना आठवेल याची खात्री नसते.

भिंतीपाशी

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. समोरून फारसं कळत नव्हतं. ताईंनी टॉर्च भिंतीला घासून आडवा धरला, आणि काळ्या तुकड्यांवर सुरीनं ओढल्यासारख्या चिरा उमटल्या. सरळ, समांतर, काही दोन सेंटिमीटरच्या, काही तुकड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. चिरेच्या तोंडाशी दोरा ओघळलेला नव्हता. वाळलेलं पान मोडावं तसा तुटला होता. खिडकीच्या बाजूचे निळे फिकटलेलेही होते, पण ते ताईंनी बराच वेळ बोलून दाखवलं नाही. काही महिन्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यातली पिवळट झालेली जुनी काच काढली की निळे एकदम जास्त दिसायला लागतात, आणि त्यानंतर त्या स्वतःच्या नजरेवर निळ्याच्या बाबतीत विश्वास ठेवत नव्हत्या. शेवटी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हा उडालाय, की मलाच तसं दिसतंय?" उडालाच होता.

त्या बाईंचं म्हणणं, काम कच्चं झालं. फ्यूजिंगच्या गरम इस्त्रीनं रेशीम करपलं असणार, किंवा सुईनं कापलं गेलं. क्विल्टच्या वजनानं ताण आला असंही त्यांच्या एका पाहुण्यानं सांगितलं होतं. तिन्ही शंका रास्त होत्या. आमच्याही त्याच होत्या.

स्टुडिओत येऊन आम्ही वही उघडली. तिन्ही काळ्यांना एकच फ्यूजिंग, एकच इस्त्री, एकच सुई, एकच दोरा, वर पडणारा उजेडही तोच. चिरा फक्त टाफेट्याला. २१२ पैकी १३१ तुकड्यांना, आणि ते खिडकीजवळही होते, अंधाऱ्या टोकालाही. मग राहिलं वजन. इथं ते बाण उपयोगी पडले. टांगलेल्या क्विल्टचा ताण वरून खाली असतो, म्हणजे त्यानं फाटलं तर सगळ्या चिरा आडव्या जायला हव्यात. मी काढलेले फोटो वहीतल्या नकाशावर ठेवले. उभ्या लावलेल्या तुकड्यांच्या चिरा उभ्या होत्या, आडव्या लावलेल्यांच्या आडव्या, तिरक्यांच्या तिरक्या. प्रत्येक तुकडा आपापल्या ताण्याच्या दिशेनं चिरला होता, बाणा तुटत गेला होता. भिंत कुठल्या बाजूला आहे याच्याशी कापडाला काही देणंघेणं नव्हतं.

मग जे आधी करायचं ते केलं. वहीला स्टेपल केलेल्या नमुन्यातला सेंटिमीटरभर तुकडा ताईंनी चिमट्यात धरला आणि काडी लावली. चांगलं रेशीम जळताना केसांसारखा वास येतो, ज्योत काढली की ते विझत जातं, आणि मागे बोटानं चुरडली जाणारी काळी गोळी राहते. इथं वास तोच आला. पण गोळी झालीच नाही. तुकडा निखाऱ्यासारखा लाल होत गेला आणि विझल्यावर चिमट्यात चौकोन तसाच उभा, वीण मोजता येईल असा, तांबूस राखेचा. ताईंनी फुंकर मारली तेव्हा तो मोडला.

वजन

कोषातून निघालेल्या कच्च्या रेशमावर सेरिसिनचा डिंक असतो. साधारण पाव भाग तोच. साबणाच्या पाण्यात उकळून तो काढल्याशिवाय मऊपणा आणि चमक येत नाही, पण तो काढला की वजनही तेवढं कमी होतं. आणि रेशीम विकलं जायचं वजनावर. तेव्हा गेलेलं वजन भरून काढायला धातूचे क्षार पाजायचे, ही युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांची रीतच झाली. काळ्यासाठी लोखंडाचे क्षार आणि टॅनिन, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कथिलाचे क्षार, फॉस्फेट, सिलिकेट अशा एकामागून एक आंघोळी. गेलेलं भरून थांबायचं कशाला, म्हणून मूळच्यापेक्षा जास्तही चढवत. कापड जड व्हायचं, घोळ सुंदर पडायचा. काळ्याला सगळ्यात जास्त पाजता यायचं, कारण काळ्यात काहीही लपतं. अमेरिकेत १९३८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं याला वेसण घातली: शुद्ध म्हणून विकायच्या रेशमात असं वजन १० टक्क्यांहून जास्त नको. काळ्याला मात्र तिथंही १५ टक्क्यांची सूट.

हे क्षार तंतूत बसून राहतात, आणि उजेड, हवा, दमटपणा यांनी रेशमाचं प्रथिन जे सावकाश तुटत असतं, त्याचा वेग वाढवतात. दोऱ्यातली लवचीकता जाते. आमच्या राखेचा तांबूसपणा लोखंडाकडे बोट दाखवत होता. प्रयोगशाळेत एक्स-रे फ्लुओरेसन्सनं कुठला धातू ते नक्की कळलं असतं, पण चौकोन चिमट्यात उभा राहिल्यावर आम्हाला आणखी पुरावा नको होता. जे आम्ही दमदारपणा समजलो ते धातूचं वजन होतं.

निळ्यांचं प्रकरण वेगळं, आणि ते सरळ आमच्या अंगावर. सातातला एक निळा उजेडाला कच्चा होता आणि आम्ही तो तपासला नव्हता. आता ताई प्रत्येक रंगाचा नमुना ब्लू वूल कार्डाशेजारी खिडकीत लावतात. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या, १ नंबर सगळ्यात आधी उडणारी, ८ नंबर सगळ्यात टिकाऊ. अर्धी बाजू पुठ्ठ्यानं झाकायची आणि वाट बघायची. काम सुरू व्हायला उशीर होतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

दुरुस्ती

ताईंनी त्या बाईंना भेटून सगळं सांगितलं, निळ्याचं आधी. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. टाफेट्याचं ऐकून मात्र त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे माझी पणजी खोटं कापड घालायची असं म्हणायचंय तुम्हाला?" ताईंनी परोपरीनं समजावलं की त्या काळी हे सर्रास होतं, चांगल्या दुकानातही तेच मिळायचं, घेणाऱ्याला कळायची सोयच नव्हती. पण त्या बाईंच्या कानांत 'खोटं' हा त्यांचाच शब्द बसला होता. तो काही निघाला नाही.

टाफेटा काढून त्या जागी नवा काळा घालणं हा सगळ्यात सोपा उपाय होता. बाई म्हणाल्या, मग ती पणजीची राहिली कुठं? त्यांचं बरोबरच होतं. ताईंनाही ते नको होतं. तेव्हा क्रेपलिन. हे रेशमाचं इतकं विरळ कापड असतं की हातावर ठेवलं तर रेषा दिसतात. ते आम्ही तपकिरीकडे झुकणाऱ्या काळ्यात रंगवलं. क्विल्ट टेबलावर सपाट पसरली, सुटलेले दोरे बारीक चिमट्यानं एकेक करून जागेवर आणले, आणि प्रत्येक चिरलेल्या भागावर क्रेपलिन अंथरून ते वाकड्या सुईनं, केसाएवढ्या रेशमी दोऱ्यानं टाचलं. टाके टाफेट्यातून घालायचे नाहीत, तो आता सुई सोसणार नव्हता. फक्त तुकड्यांच्या जोडाच्या शिवणीतून. एका दिवशी तीन तुकडे झाले तर खूप. ११ आठवडे लागले आणि त्याचे पैसे ताईंनी घेतले नाहीत.

त्या दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. चिरलेल्या टाफेट्याचा एकही कण गळून पडला नव्हता. ज्या फ्यूजिंगवर सगळ्यांचा पहिला संशय होता, त्यानंच तो मागून धरून ठेवला होता.

क्रेपलिनखाली टाफेट्याची चमक थोडी मंदावली. ओला काळा आणि कोरडा काळा यांतलं अंतर कमी झालं. पाणी पूर्वीएवढं हलत नाही. त्या बाईंना हा फरक दिसत नाही, निदान त्या तसं म्हणतात. ताईंना तेवढाच दिसतो.

क्विल्ट आता आतल्या बोळाच्या भिंतीवर आहे, खिडकीपासून लांब. दिवा मंद, ५० लक्सच्या आत (लक्स हे उजेडाचं माप), आणि सहा महिने लावली की सहा महिने उतरवून नळीवर गुंडाळायची, दर्शनी बाजू बाहेर ठेवून. दर्शनी बाजू आत गेली तर तिला चुण्या पडतात. झालेलं नुकसान यातलं काहीच परत आणत नाही, पुढचं फक्त लांबवतं. मागच्या पट्टीवर ताईंनी सहीखाली एक ओळ वाढवली आहे: *काळा टाफेटा जुना, वजन चढवलेला.* नव्या करारातही आता एक कलम असतं, गिऱ्हाइकानं दिलेल्या कापडाचा सेंटिमीटरभर तुकडा जाळायची परवानगी. दोघा-तिघांनी यावर नाराजी दाखवली, एकानं तर काम परत नेलं.

गेल्या महिन्यात माळा आवरताना एक पुठ्ठ्याची नळी सापडली, भलत्याच कामाची चिठ्ठी लावलेली. आत पणजीच्या पोशाखाच्या घेराचा उरलेला पट्टा होता. चौकशीच्या वेळी आम्ही हा शोधून शोधून दमलो होतो. बेतायच्या दिवशी आम्लरहित टिश्यूत गुंडाळून ठेवलेला, घडी न घातलेला. त्याला सुई लागली नव्हती, इस्त्री लागली नव्हती, तेव्हापासून उजेड दिसला नव्हता. ताईंनी तो टेबलावर हलकेच उलगडला आणि टॉर्च आडवा धरला. मधोमध चार चिरा होत्या, सरळ, समांतर, ताण्याच्या दिशेनं.

"फोटो काढून पाठवू का त्यांना?" मी विचारलं.

ताईंनी पट्टा परत टिश्यूत गुंडाळला. "पणजी आहे गं त्यांची," म्हणाल्या, आणि नळीवर पेन्सिलीनं खरी चिठ्ठी लिहून त्याखाली तारीख घातली.